छावणीच्या मशिदीसाठी मुल्लाचाचांची शिफारस

सन त्रेचाळीस. मी बावीस वर्षांचा गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, तीही निजामाची, उर्दूतली. पण ओळंब्याला माझी भिंत कधी खोटी पडली न्हाय, एवढं सांगतो.

आमच्या माकणी गावाहून पोट भरायला मी सोलापूरकडं, इंग्रजांच्या हद्दीत गेलो होतो. तिथं पलटणीची नवी छावणी उठत होती. मुसलमान शिपायांसाठी लहानशी मशीद आणि शेजारी मौलवीची खोली, हे काम माझ्याकडं. मौलवी मात्र मिळत नव्हता. पलटणीच्या मुसलमान सुभेदारानं विचारलं, तुझ्या गावाकडं कुणी भला माणूस हाय का? मी छाती फुगवून आमच्या मुल्लाचाचांचं नाव सांगितलं.

चाचांना नोकरी हवी होती ती चाचीपायी. खोकून खोकून ती अर्धी झाली होती, आणि छावणीत डॉक्टर होता. निरोप मिळताच चाचा धुतलेला अंगरखा घालून आले. सुभेदारानं आधी मलाच आत घेतलं. चाचा दाराशी थांबले.

मी सांगत सुटलो. पाची नमाज चुकत न्हाईत. कुणाच्याही पोराला नजर लागली की आया यांच्याकडंच धावतात, जात कुठलीही असो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटाला राखून ठेवली होती. "आमच्या देवीच्या जत्रंत पहिल्या बकऱ्यावर सुरी चाचांचीच. त्यांच्याबिगर निवद होत न्हाय."

"देवीपुढं?" सुभेदार हळूच म्हणाला.

"व्हय साहेब. बापजाद्यांपासून."

चाचा दारातून मान हलवत होते. मला वाटलं, लाजतात. मी आणखी दोन गावच्या जत्रा सांगितल्या.

सुभेदारानं चाचांना चहा पाजला, अदबीनं बोलला आणि परत पाठवलं. मूर्तीपुढं सुरी चालवणारा मौलवी पलटणीला चालायचा न्हाय, म्हणाला.

बाहेर चाचा हसले. "बेटा, तारीफ जरा कमी केली असतीस तर खोली मिळाली असती."

"मी खोटं काय बोललो?"

"न्हाय बोललास. चाचीला तेच सांगतो."

आत जाऊन सुभेदाराचे पाय धरायला हवे होते. चाचा त्यासाठीच रेंगाळत होते, हे मला कळत होतं. पण ज्याचा साऱ्या गावाला अभिमान, ते ऐब म्हणून कबूल करायला माझी जीभ वळंना. दिवस कलला तसे चाचा एकटेच गावाकडं निघाले. चाचीनं ती सुगी पाहिली न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओळंबा भिंतीवरून खाली सोडला आणि मौलवीच्या खोलीची राहिलेली भिंत चढवायला घेतली.