वडिलांसाठी म्हटलेली प्रार्थना
कडुनिंबाचा मोहर दरवळू लागला की मला जामखेडजवळच्या आमच्या गावातली एक दुपार आठवते. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी नगरला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात गेल्यापासून माझी प्रार्थना सुटली होती. अशात मी सुट्टीला घरी आलेला असताना वडील अचानक वारले. चर्चचे पाळकसाहेब लांबच्या गावी गेलेले, आणि त्या उन्हात थांबणं शक्य नव्हतं. वडिलांच्या शेतकरी मित्रांनी पहारीनं मुरूम फोडून कबर खणली. ख्रिस्ती घर गावात आमचं एकच. वडिलांना खाली उतरवल्यावर सगळे प्रार्थनेसाठी माझ्याकडे बघू लागले. मी आईच्या कानाशी पुटपुटलो, "माझा विश्वासच उडालाय गं. मी कसं म्हणू?" ती पदर सावरत म्हणाली, "तुजा उडाला आसंल, पर त्यांचा हुता न्हवं? त्यांच्यासाटी म्हन." मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' यातल्या 'पित्या' या शब्दापाशीच अडलो. पुढचे शब्द आईनं उचलले, तिच्यामागून मी म्हणत गेलो. मित्रांनी पटके काढून हात जोडले होते. माझा विश्वास नेमका कधी परतला ते आज म्हातारपणीही मला सांगता येत नाही. पण त्या दुपारनंतर माझी प्रार्थना पुन्हा कधी सुटली नाही.