आण्णांच्या हातातला माइक

आमच्या पडेगावच्या वस्तीत माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडप घालतात, भन्तेजी येतात, वंदना होते आणि मग भाषणं. ती दोन-दोन तास चालतात. माइक हातात दिल्यावर गप्प बसेल असा माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडायचा नाही. सापडलाच तर ती मी.

हे दुखणं जुनं. दहा वर्षांची असताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर उभं केलं. भाषण त्यांनीच लिहिलेलं, महिनाभर घोकून घेतलेलं. 'बालमित्रांनो'पर्यंत गाडी नीट गेली. पुढचं काही आठवेचना. समोर सगळी वस्ती. तेवढ्यात उजवीकडून आण्णा आले, माझ्या हातातून अलगद माइक घेतला आणि उरलेलं भाषण स्वतःच करून टाकलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर ते रागावले नाहीत. "होतं आसं. मी हाय ना," एवढंच म्हणाले.

ते 'मी हाय ना' मला फार महागात पडलं. माझ्या लग्नात सासरच्यांनी नाव घ्यायला सांगितलं, तेव्हाही आण्णाच पुढं झाले आणि सगळ्यांना हसवून वेळ मारून नेली. ऑफिसात चार लोकांपुढं बोलायची वेळ आली की मी हमखास आजारी पडायचे. शेवटी चाळिशीत, घरी कुणाला न सांगता, औरंगपुऱ्यातल्या भाषणकलेच्या क्लासला जायला लागले. कॉलेजची पोरं आणि मी. तीन महिन्यांत पाच मिनिटं न अडखळता बोलता येऊ लागलं. येत्या जयंतीला आण्णांसमोर बोलायचं आणि त्यांना माइकला हात लावू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. आण्णा फेब्रुवारीतच गेले.

मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि तिकडं चहा उतू जात नाही ना, ते बघायचे. आत काही हलतच नव्हतं. लोक मला धीराची म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता.

पुण्यानुमोदनाला सूत्रसंचालन धाकट्या काकांकडे होतं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझं नाव पुकारत नाय मी. तुझ्या वतीनं मीच बोलतो दोन शब्द."

"पुकारा काका."

"आगं, एवढ्या लोकांम्होरं आडलीस तर?"

"पुकारा म्हणते ना."

त्यांनी पुकारलं. मी माइक हातात घेतला आणि क्लासमधलं सगळं पुसून गेलं. तोंडातून निघालं, "आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या बालमित्रांनो."

समोर साठी-सत्तरीची माणसं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी गप्प झाले आणि, खरं सांगते, वाट बघत राहिले. उजवीकडून कुणीतरी येईल आणि माइक काढून घेईल. काका अर्धे उठलेही होते. शेजारच्या मावशींनी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं आणि मला म्हणाल्या, "बोल माय. लई वर्षं झाले, तुझं पुढचं आयकायचं ऱ्हायलंय."

मग मी बोलले. आण्णा जन्मभर माझ्या वाटणीचं बोलले, हे सांगितलं. त्याचा मला राग होता, हेही सांगितलं. क्लासचं सांगितलं, आणि ते त्यांना कधीच कळलं नाही, हेही. आवाज सपाट होता, वाणसामानाची यादी वाचावी तसा. ज्या भीतीनं मला तीस वर्षं छळलं ती त्या दिवशी फिरकलीसुद्धा नाही, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

बोलणं संपलं. माइक द्यायला माझा हात सवयीनं उजवीकडं गेला आणि तसाच राहिला. तिथं कुणी नव्हतं. तेव्हा कुठं मला रडू आलं. माइक चालूच होता, सगळ्या वस्तीनं ऐकलं.