हंपीची बस

"जाधव, तुमची गाडी किती वाजताची?" आमचे क्वालिटी हेड कुलकर्णी साहेब विचारत होते. शुक्रवारचे अकरा वाजले होते आणि चाकणच्या प्लांटमध्ये मी एका गळक्या कास्टिंगकडे बघत उभा होतो.

"संध्याकाळची, सर. पुण्याहून."

"मग त्याआधी हे निस्तरा."

मी सप्लायर क्वालिटीत होतो. म्हणजे बाहेरून येणारा माल तपासायचा आणि अधूनमधून सप्लायरच्या कारखान्यात जाऊन ऑडिट करायचं. हे कास्टिंग म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या पंपाचं ओतीव कवच. ते होस्पेटच्या एका फाउंड्रीतून यायचं. होस्पेटपासून हंपी हाकेच्या अंतरावर. चौदा वर्षं मी तिथे वर्षातून चार-पाचदा जात होतो, पण हंपी पाहिलं नव्हतं.

कारण माझं तत्त्व. सप्लायरच्या गाडीतून हिंडायचं नाही. आज हिंडलो, तर उद्या त्याचा माल रिजेक्ट करताना हात जड होतो. फाउंड्रीचा बसवराज दर खेपेला विचारायचा, "साहेब, हंपीला गाडी लावू?" मी दर खेपेला नको म्हणायचो आणि स्वतःवर खूश होऊन लॉजवर झोपायचो.

इकडे आकुर्डीला बायको वाट बघत असायची. शैलाने महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. हंपीचा दगडी रथ तिने मुलांना पुस्तकातल्या चित्रावरूनच दाखवला. मी परतलो की तिचा एकच प्रश्न, "रथाची चाकं खरंच फिरतात का हो?"

"पुढच्या वेळी बघून सांगतो."

खरं तर ओढ मलाही होती. दगडाचं चाक दगडी आसावर बसवलं कसं, सांधा लपवला कुठे, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. ऑडिट रिपोर्ट लिहितानाही डोक्यात तोच रथ असायचा. रिटायरमेंटला दोन महिने उरले, तेव्हा एकदाची दोघांची तिकिटं काढली. शैलाने आठ दिवस आधीच बॅग भरली.

आणि नेमका त्याच फाउंड्रीचा लॉट गळका निघाला. स्टोअरमध्ये आठशे नग पडून होते. लीक टेस्ट सोपी असते. नगाची भोकं बंद करायची, आत हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचं. बुडबुडा दिसला की नग बाद.

"प्रत्येक खोक्यातून पाच तपासा," कुलकर्णी साहेब म्हणाले. "ठीक निघाले तर डेव्हिएशनवर सही करा आणि गाडी पकडा." डेव्हिएशन म्हणजे माल पूर्ण नियमात नाही हे माहीत असूनही वापरायची लेखी परवानगी.

पाच-पाच तपासले. एकही गळला नाही. कागद समोर आला. साडेतीन वाजले होते. मी पेन उघडलं.

पण हा दोष पोरोसिटीचा होता. धातू ओतताना आत हवा राहते आणि बारीक छिद्रं पडतात. ती एका नगात असतात, शेजारच्यात नसतात. पाच नग बघून उरलेल्यांची खात्री देता येत नाही, हे मीच पोरांना शिकवत आलो होतो. पंप गळला की इंजिन तापतं आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते. मी पेन बंद केलं.

"सगळे बुडवावे लागतील, सर."

"अहो, पण तुमची गाडी?"

आमच्या खात्यात माणसं दोनच. दुसरा बहिणीच्या लग्नाला लातूरला गेला होता. मी घरी फोन लावला.

"शैला, जमत नाहीये."

ती म्हणाली, "मग मी जाते."

"एकटी?"

"चाळीस-चाळीस पोरांच्या सहली नेल्यात मी. स्वतःला नेता येणार नाही का?"

शनिवारी सकाळी मी बोलावलेला बसवराज नग तपासायला होस्पेटहून चाकणला हजर झाला आणि शैला होस्पेटला पोचली. बसवराज आणि मी बाह्या सरसावून पाण्याच्या टाकीपाशी बसलो होतो. अकराला फोन वाजला.

"हंपीत पोचले हो!"

"इतक्यात? गाडी केलीस का?"

"गाडी कशाला? स्टँडवरून बस असते की. अर्ध्या तासात आले."

फोन ठेवून मी बसवराजकडे बघितलं. "हंपीला बस आहे?"

"आहे की, साहेब. माझ्या लहानपणापासून आहे."

"मग कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलं, साहेब? तुम्ही फक्त गाडी नको म्हणत होता."

माझे हात पाण्यातच राहिले. चौदा वर्षं. साठएक खेपा. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पुढचा नग बुडवला.

दुपारी फोटो आला. मध्ये रथ आणि शैला पार एका कडेला. खाली लिहिलं होतं, 'चाकं फिरत नाहीत, सिमेंटने पक्की केलीत. सांधा मला सापडला नाही. तुम्ही शोधला असतात.'

संध्याकाळपर्यंत सतरा नग गळके निघाले. सोमवारी लाइन वेळेवर चालू झाली. "बरं झालं, सही केली नाहीत," कुलकर्णी साहेब म्हणाले. मी मान हलवली. पुन्हा तीच वेळ आली तरी मी सही करणार नाही. पण त्या फोटोत मी नाही, ही हळहळ काही जात नाही.

आता मला रिटायर होऊन दीड वर्ष झालं. मध्यंतरी शैलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिथल्या खडकांवरून चालणं डॉक्टरांनी बंद केलंय. ती म्हणते, "तुम्ही एकटे जाऊन या." मला एकट्याला नाही जायचं. परवा फोटो पुन्हा काढून बघत होतो. तिला विचारलं, "रथासमोर मध्ये उभं राहायचं सोडून कडेला कशी गेलीस?"

"तुमची जागा सोडली होती," ती म्हणाली आणि कुकर बंद करायला आत गेली.

ऑडिटला जाणाऱ्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. सप्लायरची गाडी जरूर नाकारा. पण बाहेर पडून स्टँडवर बस किती वाजता आहे, तेही विचारा.