गोदूवहिनींची रिटायरमेंट

हिंदुराव माने माझे तीस वर्षांचे शेजारी. अंबरनाथच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत होतो, आणि माझ्या पडत्या काळात त्यांनी मला दोनदा हात दिलाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे आणि त्यातला एक शब्दही मागं घेणार नाही.

माणूस निर्व्यसनी. कामानं फिटर. मशीन बंद पडायच्या आत नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की आतलं काय झिजलंय. खटाव तालुक्यातनं एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले, कुळगावात वन बीएचके घेतला, स्वप्नालीला, म्हणजे एकुलत्या एक मुलीला शिकवलं आणि कल्याणला चांगल्या घरी दिली. नऊ वर्षांपूर्वी रिटायर झाले तेव्हा कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटून झाले, आम्ही चार-पाच जण त्यांच्या हॉलमध्ये चहा पीत बसलो होतो, आणि गोदूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, “तुमचं झालं. आता मलापण भाकऱ्यांतनं सोडवा. एक बाई लावू.”

सगळे हसले. मीही हसलो. वहिनी हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवलं.

वहिनींचं लग्न अठराव्या वर्षी झालं. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असली की साडेचारला डबा तयार. जनरल असली की सहाला, नाइट असली की संध्याकाळी. शिवाय गावाकडचे दीर, पुतणे, नोकरी शोधायला आलेले भाऊबंद, सगळ्यांच्या भाकऱ्या. सगळ्यांना तव्यावरची गरम वाढायची आणि शेवटची, वाफ गेलेली आपण ओट्याशी बसून खायची, अशी छत्तीस वर्षं. त्यांनी ना पाटल्या मागितल्या, ना विमान. दोन वेळच्या भाकरीला कुणीतरी यावं आणि एक गरम भाकरी त्यांच्या ताटात पडावी, एवढंच मागितलं.

हिंदुराव म्हणाले, बघू. आणि पंधरा दिवसांत चिखलोलीत फ्लॅट घेतला.

आता इथं मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यायला पाहिजे, कारण एजंटची गाठ मीच घालून दिली. त्या वर्षी जो तो तेच बोलत होता. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, चिखलोलीला नवीन स्टेशन होणार, झालं की भाव दुप्पट. हिंदुरावांनी अर्धी पुंजी एफडीत टाकली आणि अर्ध्यात चौथ्या मजल्यावर एक खोली आणि किचन बुक केलं. हिशेब सरळ होता. एफडीचं व्याज आणि तुटपुंजी पेन्शन यांत घर चालवायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. स्टेशन झालं की फ्लॅट विकायचा आणि मग आरामात खायचं-प्यायचं, फिरायचं.

तेव्हापासून त्या घरात तीनच शब्द चालले, ‘स्टेशन झालं की’. बाई कधी लावायची? स्टेशन झालं की. माहेरी भाच्याच्या लग्नाला चार दिवस आधी जायचं? तिकिटाला, आहेराला पैसे लागतात, स्टेशन झालं की. व्याजाचे दर उतरले तसा बुधवारचा बाजारातला मासा बंद झाला, मग पेपर बंद झाला, मग दुपारचा दुसरा चहा. स्वप्नालीनं एकदा सांगितलं, बाईचे पैसे मी देते. त्यावर हिंदुराव आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जावयाच्या पैशाची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हती. बायकोनं दुखऱ्या मनगटानं थापलेली मात्र उतरत होती.

दोन वर्षांनी ताबा मिळाला. मी म्हटलं, भाड्यानं द्या. नाही. भाडेकरू भिंतीला खिळे मारतो, शिरला की निघत नाही, आणि वापरलेल्या घराला भाव येत नाही. घर कोरं पाहिजे. खिडक्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्यांनी काढलं नाही. कंपनीत मशीनला जसं वेळच्या वेळी तेलपाणी करायचे, तसं त्या घराचं सुरू झालं. दर रविवारी शेअर रिक्षानं दोघं जायचे. हिंदुराव कड्या-बिजागरांना तेल द्यायचे, नळ सोडून बंद करायचे. वहिनी कबुतरांची घाण काढायच्या आणि जिथं कुणी चालत नाही ती फरशी पुसायच्या. सोसायटीचं मेंटेनन्स दर पाच तारखेला न चुकता. रिकाम्या भिंतींचा महिन्याचा खर्च भाकरीवाल्या बाईच्या पगाराएवढा होता, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. म्हणाले, ती गुंतवणूक आहे.

त्यांच्या भीतीलाही कारण होतं, ते नाकारत नाही. त्याच बिल्डिंगच्या गेटवर जनू वॉचमन होता. जवळच्या जांभूळ गावचा, आमच्याच कंपनीतला, हिंदुरावांच्या आधी वर्षभर रिटायर झालेला. त्यानं आल्या पैशाची गाडी घेतली, पोराच्या हळदीला अख्खं गाव जेवू घातलं, वर ऑर्केस्ट्रा, आणि दोन-अडीच वर्षांत हात झाडून मोकळा झाला. आता अडुसष्टाव्या वर्षी बारा तास खुर्चीत. हिंदुराव गेटमधनं आत शिरताना दर रविवारी वहिनींना सांगायचे, बघ, असं व्हायचंय का. जनूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो बिचारा हसून सलाम करायचा. मला त्या हसण्याचाही राग यायचा.

राग माझा मला कळतो. माझी बायको रखमा जाऊन चार वर्षं झाली. तिच्या नावावरची एफडी मी दर वेळी रिन्यू करत गेलो, आणि ती बँकेत सुखरूप आहे. रखमा नाही. म्हणून हिंदुराव ‘मुद्दल, मुद्दल’ करायला लागले की माझं डोकं फिरतं.

गेल्या श्रावणाच्या आधी हिंदुरावांना ताप भरला. रविवार होता. पडल्या पडल्या त्यांनी वहिनींना सांगितलं की तू एकटी जाऊन ये, पावसाची ओल आली असेल, खिडक्या पुसायला हव्यात. वहिनी आता त्रेसष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले. तरी किल्ली घेऊन गेल्या. तिथं लिफ्ट बंद होती. चार मजले बसत बसत चढल्या. दुपारचे तीन वाजले तरी परतल्या नाहीत, म्हणून हिंदुरावांनी फोन लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या की मी येत नाही, आणि फोन ठेवला.

मी हिंदुरावांना रिक्षात घालून चिखलोलीला गेलो. गेटवर जनू उठून उभा राहिला. म्हणाला, “वहिनी वरतीच हायत. मीच डबा आनून दिला.” हिंदुराव त्याच्यावर भडकले. तुला कुणी सांगितलं, तू तुझं बघ, सगळं उधळून बसलास आणि आता आमच्या घरात नाक खुपसतोस. जनू या वेळी हसला नाही.

“पैसं उडवलं ते माझं चुकलंच,” तो म्हणाला. “पन म्हनून तुमचं बरोबर झालं, असं नाय ना.”

वर दार उघडंच होतं. वहिनी फरशीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. खिडकीवरचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलेलं, त्याचा चुरगळा कोपऱ्यात पडला होता. हिंदुरावांची नजर पहिल्यांदा तिकडं गेली. बायकोकडं नंतर. तेव्हा मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

“मी आजपासून रिटायर,” वहिनी म्हणाल्या. “हे घर भाड्यानं द्या आणि त्या पैशात बाई लावा. तुमच्या मुद्दलाला कुणी हात लावत नाही. नाहीतर मी इथं राहते, तुम्ही तिथं राहा.”

हिंदुराव समजुतीच्या सुरात सांगायला लागले. आता कुठं स्टेशनचं काम दिसायला लागलंय, दोन वर्षं कळ काढ, फार तर तीन. इतकी वर्षं काढलीस, आता घाई कशाला.

“तुमच्या स्टेशनला तीन वर्षं आहेत,” वहिनी म्हणाल्या. “मला तीन वर्षं आहेत, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

हिंदुराव म्हणाले, “मग मी रात्री जेवू काय?” खोटं वाटेल, पण हेच म्हणाले. वहिनींनी तोंड फिरवलं.

पाच दिवस वहिनी तिथं राहिल्या. जनूच्या बायकोनं सतरंजी आणि भांडी दिली. इकडं हिंदुराव पोळीभाजी केंद्रावर रांगेत उभे राहिले. पिठाचा डबा कुठला आणि ज्वारीचं कुठलं, बाजरीचं कुठलं, हे विचारायला माझ्या दाराशी आले. अडतीस वर्षं मशीनचा प्रत्येक स्क्रू ओळखणारा माणूस. मी सांगितलं, मला माहीत नाही, वहिनींना विचारा. पीठ बघून मला ओळखता आलं असतं, पण सांगितलं नाही. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतः एजंटला फोन केला. आठवडाभरात दवाखान्यात नोकरी करणाऱ्या दोन मुली राहायला आल्या. भाड्यातनं मेंटेनन्स भागून, बाईचा पगार भागून वर पैसे उरत होते. नऊ वर्षं अडलं होतं ते एका फोननं झालं.

सखू नावाची बाई लागली. पहिल्या दिवशी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. वहिनी खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, परक्याच्या घरी बसावं तशा. सखूनं तव्यावरची भाकरी आणून पहिली त्यांच्या ताटात टाकली. वहिनींनी पापुद्रा उचलला, वाफ बघितली, एक घास खाल्ला. हिंदुराव कौतुकानं बघत होते. चेहऱ्यावर असं समाधान, जणू हे सगळं त्यांनीच घडवून आणलं.

“झालं ना मनासारखं?” त्यांनी विचारलं.

वहिनींनी घास गिळला. मला वाटलं, आता डोळे भरतील. पण त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही.

“मी मागितलं तेव्हा माझे गुडघे चालत होते,” त्या म्हणाल्या. “भाकरीतनं सुटले असते तर उठून कुठंतरी गेले असते. आता सुटलेय आणि या खुर्चीत बसलेय. काय झालं मनासारखं?”

हिंदुरावांनी माझ्याकडं बघितलं. मी सावरून घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी खाली मान घालून जेवत राहिलो. सखूनं आतनं विचारलं, अजून एक टाकू का. वहिनी म्हणाल्या, टाक.