नखाने तपासलेली रेघ

मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वेबपानावरच्या एका बटणाच्या गोल कोपऱ्यांशी भांडत होते. टूल सांगत होतं एक, दिसत होतं भलतंच. पलीकडून त्याची बहीण म्हणाली, "सुजाताताई, दादा गेला गं... सकाळी, चहा पिता पिता." मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा ते कोपरेच गोल करत बसले. त्या बसण्याचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त राग याचा, की आम्ही तीन आठवडे बोलत नव्हतो, आणि तेही एका वेबसाइटवरून.

लालबागला पहिल्या मजल्यावर आमची वेबसाइटी बनवायची खोली. दोन टेबलं, दोन मॉनिटर, अकरा वर्षांची भांडणं. मिलिंद करी रोडच्या चाळीतला. चाळ पाडून टॉवर झाला, हा चोविसाव्या मजल्यावर गेला, तरी काम सगळं स्वतःच्या हाताने करायची खोड सुटली नाही. पानाचे रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा ज्या फाइलीत ठरते ती स्टाइलशीट तो ओळ न् ओळ स्वतः लिहायचा. मी तयार टूलवाली. उचललं, ओढलं, सोडलं, झालं पान! "तुझं टूल इंग्लिश मीडियमचं आहे," तो म्हणायचा, "त्याला आपली रेघ माहीतच नाय." दुर्दैवाने ते खरं होतं. शीर्षक देखणं दिसावं म्हणून ही टूलं अक्षरांमध्ये फट टाकतात. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शब्दाच्या डोक्यावरची रेघ तुटते. म्हणून पान तयार झालं की मिलिंद शीर्षकाच्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, थेट काचेवर. नखाला काय कळणार, कपाळ! "स्क्रीनला हात लावू नकोस रे!" असं मी दिवसातून चारदा ओरडायचे, आणि तो हसून पुढच्या ओळीवर नख ठेवायचा.

परळच्या एका वाचनालयाची वेबसाइट त्याने बांधली होती. त्याचे वडील तिथे रोज पेपर वाचायला बसायचे. पण साधी सूचना बदलायची तरी मिलिंदलाच गाठावं लागे. ग्रंथपाल कुंदाताई कंटाळल्या होत्या. शेवटी तो गावी गेलेला असताना मी ती साइट माझ्या टूलच्या तयार टेम्प्लेटवर हलवली, म्हणजे सूचना त्या स्वतःच बदलतील. परत आल्यावर त्याने ती उघडून पाहिली.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर वर्षभर स्टाइलशीटच लिहीत बसला असतास."

"सुजा, ते लोक वाचतात गं. बाकीचे नुसते बघतात."

दुसऱ्या दिवसापासून तो घरूनच काम करायला लागला. येईल आपणहून, असं मी धरून चालले... फोन मीही करू शकले असते.

तो गेल्यावर आठवड्याने कुंदाताईंचा फोन आला. "आदरांजली मीच टाकली गं वेबसाइटवर. पण त्याचं नाव असं तुटक का दिसतंय? मी तर नीट टाइप केलं होतं." मोबाइलवर उघडलं. मि लिं द. तीन तुकडे. मी टूलमधली फट शून्यावर आणली. माझ्या मॉनिटरवर नाव जुळलं, मोबाइलवर तसंच तुटलेलं. सेटिंग, त्याच्या आत सेटिंग, त्याच्याही आत. मदतीच्या खिडकीत एक यंत्र गोड बोलून मला पुन्हा पहिल्याच पानावर आणून सोडत होतं. ज्या टूलसाठी मी त्याच्याशी भांडले, ते त्याचं नावही धड लिहीत नव्हतं. मी टेबलावर हात आपटला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

मग खोलीतच राहिलेला त्याचा कॉम्प्युटर लावला. वाचनालयाची जुनी स्टाइलशीट उघडली. कुठल्याही स्क्रीनवर अक्षरांतली फट शून्य करणारी ओळ सापडली. शेजारी त्याने मराठीत टीप लिहून ठेवली होती, आमच्या भांडणाच्या कितीतरी आधी: 'सुजा, याला हात लावू नकोस. रेघ तुटेल.'

ती ओळ मी टिपेसकट उचलली आणि टूलच्या जादा कोडच्या चौकटीत चिकटवली. मोबाइलवर नाव जुळलं.

मग त्याच्याच मॉनिटरवर पान उघडलं आणि रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. काचेवर त्याच्या नखाचे ओरखडे होते, बोटांचे डाग होते. पुसायला फडकं घेतलं होतं... ते तसंच खणात ठेवून दिलं.