आत येणारी माणसं

सोनईत साळूबाईचं किराणा दुकान कुठं, असं विचारलं तर माणसं रस्ता सांगायची आणि वर पुस्ती जोडायची की दुपारचं गेलात तर बनाबाई भेटेल. दुपारी साळूबाई जेवायला आणि जरा पाठ टेकायला मागच्या गल्लीत घरी जायची आणि दुकान बनाबाईच्या ताब्यात असायचं. पगार नाही, भागीदारी नाही, नातं नाही. आपल्या घरचं काम उरकून बाई यायची, गल्ल्याशेजारची उचलायची फळी वर करून आत शिरायची आणि तेलाच्या पालथ्या डब्यावर बसायची. त्या डब्यावर तिच्यासाठी पोत्याची घडी घातलेली असे. कुणाला उगाच घासाघीस करायची हौस असली तर त्यानं ती साळूबाईपुढं करावी. बनाबाई नुसती चष्म्यावरून बघायची आणि माणूस मुकाट सांगितलेले पैसे काढायचा.

हे सुरू झालं साळूबाईचा नवरा गेला तेव्हा. तिचा राम तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. साळूबाई मराठ्याच्या घरातली, लग्न होऊन आल्यापासून दुकानात तिचं पाऊल पडलेलं नव्हतं, त्यात अक्षराशी गाठ नाही. पुड्यांवर काय छापलंय ते कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. बनाबाई त्या वेळी नुसती गिऱ्हाईक होती. सिद्धार्थनगरातली, बौद्ध, शेतात मजुरीला जाणारी, पण सातवी शिकलेली. बापानं एक वेळ उपाशी राहून पोरींना शाळेत धाडलं होतं. तिनं एकदा बाहेर उभ्या उभ्या सांगितलं की या बिस्किटांची तारीख उलटून गेलीय, विकू नकोस. पुढच्या खेपेला अजून काहीबाही वाचून दाखवलं. मग साळूबाईनं फळी उचलली आणि म्हणाली, आत ये की, बाहेरनं काय वाचतीस.

त्यावर गावातल्या काही जणांनी नाकं मुरडली. एका म्हातारीनं तर हातात घेतलेला गूळ परत ठेवला. साळूबाईला ना कुणाचा आधार, ना बोलायची सवय. तरी तिनं भर दुकानात सांगितलं, ज्याला चालत नसेल त्यानं दुसरं दुकान बघावं. म्हातारी पुढच्या आठवड्यात परत आली, कारण दुसरं दुकान लांब होतं. बनाबाई मात्र साळूबाईचं ते बोलणं विसरली नाही. त्या दुकानात फुकट कशाला राबतीस, असं जो जो विचारी, त्याला ती काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायची. मनात मात्र साळूबाईचं तेच वाक्य असायचं. तिची स्वतःची सून शुभांगी तर अधूनमधून विचारायचीच. रामला पाढे बनाबाईनंच शिकवले होते, त्या डब्याशेजारी बसवून, चुकला की कान धरून.

राम आता नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. बायको ज्ञानेश्वरीला घेऊन तो तिकडंच राहतो आणि जमेल तसा रविवारी येतो. यंदा उन्हाळ्यात साळूबाईच्या शेजारच्या मोबाईलच्या दुकानाचं शटर कुणीतरी उचकटलं, तेव्हा त्यानं धसका घेतला. आला तो कॅमेरा घेऊनच. कोपऱ्यात वर बसवला, स्वतःच्या आणि आईच्या फोनमध्ये ॲप टाकलं आणि दुकानात हालचाल झाली की दोन्ही फोन वाजतील अशी सोय करून गेला.

त्या सोयीनं पहिल्याच आठवड्यात त्याला रडकुंडीला आणलं. पंख्याच्या वाऱ्यानं वेफर्सच्या लडी हलल्या की फोन वाजे. मांजर पोत्यावर चढलं की वाजे. एकदा भर कामात फोन वाजला म्हणून त्यानं मशीन थांबवून बघितलं, तर स्क्रीनभर पालीचं पोट. सुपरवायझरनं चार शब्द सुनावले ते वेगळेच. इकडं साळूबाईचा फोन वाजला की ती तो बनाबाईच्या हातात द्यायची, आणि बनाबाई वाचून सांगायची, दुकानात हालचाल आढळली. मग दोघी हसत बसायच्या. हालचाल होऊ नये म्हणून का कुणी दुकान टाकतं?

पुढच्या रविवारी राम सगळं नीट लावायला आला. फोन समोर धरून त्यानं दोघींना समजावून सांगितलं. आता माणूस असेल तरच फोन वाजेल, आणि तोही फळीच्या आत शिरला तर. त्यानं स्क्रीनवरच्या दुकानात फळीवरून बोटानं एक रेघ ओढली. रोज आत येणाऱ्या माणसांचे चेहरे फोनमध्ये भरून ठेवायचे, म्हणजे ती आली तर कॅमेरा गप्प राहील. दुसरं कुणी आत आलं तर भोंगा वाजेल.

"आई, आत कोन कोन येतं, सांग," तो म्हणाला.

बनाबाई आपल्या डब्यावर बसून शेंगदाणे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले, केस कानामागं सारले, डोक्यावरचा पदर सारखा केला. आधार कार्डाच्या वेळी चष्मा काढायला लावला होता, इथंही लावत असतील म्हणून तिनं चष्मा काढून मुठीत धरला.

साळूबाई बोटं मोजत होती. "मी. तू. ज्ञानेश्वरी आली तर ती." मग तिनं जरा आठवून बघितलं. "तुझं चुलतं येत्यात दिवाळीला. त्यांचा टाक."

"आनि?"

"झालं की. आनि कोन येतंय?"

रामनं आईचा फोटो काढला, स्वतःचा काढला, बायकोचा आणि चुलत्याचा फोनमधून शोधून टाकला. बनाबाई चष्मा मुठीत धरून बसून होती. चष्म्याविना तिला समोरचं पुसट दिसे, त्यामुळं त्या दोघांच्या तोंडावर काय होतं ते तिला कळलं नाही. मग रामनं फोन खिशात टाकला. तिनं चष्मा घातला आणि सूप परत मांडीवर घेतलं.

बोलायला काय झालं होतं? अरे, माझा राहिला की, एवढं म्हटलं असतं तर दोघांनीही कपाळावर हात मारून घेतला असता. हे बनाबाईला कळत नव्हतं असं नाही. पण काही गोष्टी मागून घ्याव्या लागल्या की त्यांची चवच जाते. तिला वाटलं, जाताना तरी आठवेल. राम मोटारसायकलला किक मारून, येतो गं मावशी म्हणून निघून गेला. मावशी तो अगदी तोंडभरून म्हणाला, त्यात काही खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई जेवायला गेली आणि बनाबाईनं फळी उचलली. पाय आत पडला नाही तोच भोंगा सुरू झाला. दुकानात दोन बायका होत्या आणि टेम्पोवाला बजरंग चहापत्ती घ्यायला आला होता. बजरंग मनाचा चांगला, पण तोंडाला कुलूप नाही. "मावशी, सापडली का न्हाई चोरी?" तो म्हणाला. बायका हसल्या. बनाबाईही हसली, हसावंच लागलं. भोंगा थांबला तसा तिनं पाय मागं घेतला आणि बजरंगाला चहापत्ती बाहेरूनच हात लांबवून काढून दिली.

एवढ्यात साळूबाई आली, उजवा हात खरकटा आणि डाव्या हातात फोन.

"बना, ह्यो बघ गं कसा बोंबलतोय. काय लिवलंय?"

बनाबाईनं फोन घेतला. त्यात तिचाच फोटो होता, वरून काढलेला, फळी उचलताना, भांगातले पांढरे केस दिसत होते. खाली मराठीत दोन शब्द होते. तिनं ते एकदा मनात वाचले. मग आजवर साळूबाईला सगळं वाचून दाखवलं तसंच तेही मोठ्यानं वाचलं.

"अनोळखी व्यक्ती."

"म्हंजी?"

"वळख न्हाई असं मानूस. दुकानात शिरलंय, म्हनतंय."

साळूबाई खळखळून हसली. "येडं हाय मशीन," ती म्हणाली आणि अर्धी भाकरी ताटात राहिलीय म्हणून तशीच परत गेली. दुकानात बना होती, तिला कसली काळजी? बनाबाई ती वळेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत होती. हसणं ओसरलं की हिच्या ध्यानात येईल, निदान हिचं तोंड उतरेल, असं तिला वाटलं होतं. साळूबाई येईपर्यंत तिनं दुकान राखलं, पण उभ्यानं, फळीच्या बाहेरून. मग घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. गुडघा धरलाय, असा निरोप पाठवला.

घरी तिनं शुभांगीला सगळं सांगितलं. तिला वाटलं, मी सांगत होते की नाही, असं सून म्हणणार, आणि म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. शुभांगीनं नुसतं सासूच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. बनाबाईला ते जास्त लागलं. जेवता जेवता ती रडली. इतक्या वर्षांत दुकानापायी ती पहिल्यांदा रडत होती.

दोन दिवसांनी रामचा फोन आला. आईकडून त्याला कळलं असावं, किंवा फोनमधला फोटो त्यानंच बघितला असावा. म्हणाला, मावशी, चुकलं माझं, रविवारी येतो आणि तुझा फोटो टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे.

"तुझी चूक न्हाई, राम," बनाबाई म्हणाली. "तू इचारलं हुतंस."

पलीकडून कारखान्याचा आवाज येत होता. मग तो फोन ठेवतो म्हणाला, आणि तिनंही ठेवला.

त्या आठवड्यातच एका सकाळी बनाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. गल्लीत तिला साळूबाईचा आवाज ऐकू आला. आली, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंदच झाला. मग साळूबाई कुणाला काय विचारतेय ते तिला ऐकू आलं.

"बनाबाईचं घर कुनीकडं हाय हो?"

ती दोनच दारं पलीकडं उभी होती आणि घर विचारत होती. बनाबाईचा हात ताटात तसाच राहिला. हिच्या घरी रामच्या लग्नात आपण पुरण वाटायला बसलो, हिच्या सासूच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसलो. आणि हिला आपलं दार माहीत नाही. आपल्या पोराच्या, महेंद्रच्या लग्नाचा आहेर हिनं दुकानात दिला. आपला नवरा गेला तेव्हा जलदानविधीनंतर आपणच दुकानात गेलो आणि ही आपल्या गळ्यात पडून रडली. ते रडणं काही खोटं नव्हतं. पण जे झालं ते सगळं तिकडं झालं, इकडं ही कधी आलीच नाही, आणि हे आपल्याही कधी ध्यानात आलं नाही. बनाबाईला त्या क्षणी साळूबाईपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

साळूबाई आत येऊन बसली. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंकडं बघितलं, शुभांगीनं दिलेलं पाणी प्यायली, चहा प्यायली, आणि कप खाली ठेवता ठेवता तिला रडू कोसळलं.

"राम लई बोलला मला. बना, अगं, तू येतीस कुठं? तू तर असतीसच. घरातल्या खांबाला कुनी मोजतं का?"

हे ऐकायला बनाबाई आसुसली होती. ते खरंही असेल. निम्मं तरी खरं असेलच. तिनं साळूबाईच्या हातावर हात ठेवला.

"पन दिराचं नाव घेतलंस, साळू. वर्साकाठी एकदा येनाऱ्याचं."

दुसरी एखादी असती तर तिनं काहीतरी जुळवून सांगितलं असतं. साळूबाईनं ते केलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

"तवा तुझं नाव तोंडात आलं न्हाई," ती म्हणाली. "का आलं न्हाई, ते माझं मलाच कळंना."

शुभांगी कप उचलून आत गेली. मग साळूबाईनं डोळे पुसले आणि चल म्हणाली, दुकान उघडं टाकून आलेय. बनाबाईनं चपला घातल्या. साळूबाईचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. तिला गल्ल्यांची वळणं ठाऊक नव्हती, बनाबाई तिला धरून धरून मोठ्या रस्त्यापर्यंत घेऊन आली. तिथून दुकान दिसत होतं. बनाबाई तिथंच थांबली.

साळूबाई बोलत बोलत पुढं निघाली. परवा मसाल्यांचा नवा माल आलाय, तारखा बघायच्या राहिल्यात, म्हणून खोकी तशीच ठेवलीत. त्या माल आणणाऱ्या पोऱ्यानं जुना माल तर गळ्यात मारला नसेल ना, तू बघशीलच म्हणा. मागं न बघता तिचं आपलं चाललं होतं. बना पाठोपाठ येतेय, हे तिनं धरूनच चाललं होतं, आजवर धरलं होतं तसं.

ती रस्ता ओलांडेपर्यंत बनाबाई बघत होती. मग घाईनं आपल्या गल्लीत वळली. साळू आता थांबणार आणि मागं बघणार हे तिला माहीत होतं, आणि ते तिला बघायचं नव्हतं. तेवढं बघितलं असतं तर ती पुन्हा दुकानात गेली असती.