बोटीने आलेलं घर

आईची फ्लाइट दुपारी होती, पण तिला जाताजाता "ते इंग्लंडहून आणलेलं घर" बघायचंच होतं. इंग्लंडच्या कुठल्याशा खेड्यातल्या जमीनदाराचं हे पाचशे वर्षांचं घर एका अमेरिकन धनिकाने विकत घेतलं, सुटं केलं, पेट्यांत भरून बोटीने आणलं आणि इथे अमेरिकेत, आमच्यापासून वीस मिनिटांवर पुन्हा उभं केलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते हे!

सहा महिने आई माझ्याकडे राहिली आणि सहा महिने मी तिला सांगत होते, दिवाळीला येते. धादांत खोटं. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय. इथे नोकरी करायला तो लागत नाही, पण एकदा भारतात गेलं की नवा मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि त्यासाठी तिकडच्या अमेरिकन वकिलातीत मिळणाऱ्या अपॉइंटमेंट कॅन्सल होत राहतात. ऑफिसातला एकजण आठ दिवसांसाठी पुण्याला गेला तो तिकडेच अडकला, नोकरी गेली. माझ्या बाबांना डॉक्टरांनी विमान बंद केलंय. सहा वर्षं मी त्यांना फोनवरच बघतेय. नुसता संताप होतो.

त्या घरात गाईडने काळ्या तुळयांवर कोरलेले नंबर दाखवले. कुठली तुळई कुठे बसवायची हे कळावं म्हणून ते कोरलेत, असं मी आईला सांगितलं.

"बाई गं," आई म्हणाली, "या लाकडांना शिक्का नाही लागला वाटतं!"

म्हणजे तिला ठाऊक होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बाबांनी. पेपर वाचतात ते. तू दिवाळी म्हणालीस की हो म्हणतात, तेवढंच तुला बरं वाटतं."

"मग मला कशाला नाटक करू दिलंत?" मी गाईडसमोरच ओरडले आणि बाहेर आले.

पार्किंगमध्ये आईने पर्समधून दह्याची डबी काढली. जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणजे तो परत येतो. सकाळी मी साफ विसरले होते.

"आण इकडे, मी घालते," म्हणून हात पुढे केला, तर तिने माझ्याच तळव्यावर चमचाभर दही घातलं.

"अगं, जाणारी तू आहेस!"

"मी घरी चाललेय. परत यायचंय ते तुला. चाट."

चाटलं. आंबट झालं होतं.

"बाबांना काय सांगू?" तिने विचारलं.

या वेळी मला दिवाळी म्हणता येईना.